पेपरबॅकची कव्हरं पावसाळ्यात का वळतात आणि मुंबईच्या घरात ती सपाट कशी ठेवायची

चकली सादळली तर आपण चकलीला दोष देत नाही, डब्याचं झाकण कोणी नीट लावलं नाही याची चौकशी करतो. पेपरबॅकचं कव्हर वळलं की मात्र एकतर प्रकाशकाला नावं ठेवतो नाहीतर हे पुस्तक शेवटचं वाचायला कोणी नेलं होतं ते आठवायला लागतो. मी पण हेच करायचो. एका मित्राशी त्यावरून दोन आठवडे धड बोललो नव्हतो, बिचाऱ्याने पुस्तक नेलं तसंच परत आणलं होतं, ते वळलं माझ्याच शेल्फवर, माझ्याच घरात, जुलै महिन्यात.

मी राहतो मुलुंडला, वन बीएचके, पुस्तकं सहाशेच्या आसपास आणि त्यातली निम्म्याहून जास्त पेपरबॅक. हॉलमध्ये उघडं शेल्फ, बेडरूममध्ये लोखंडी कपाट आणि उरलेली जिथे घुसतील तिथे, बेडच्या बॉक्समध्ये सुद्धा. जून संपता संपता एकेका कव्हरची कड उचलायला लागते आणि गणपती येईपर्यंत टेबलावर ठेवलेलं पुस्तक जबडा वासून पडलेलं दिसतं. आतली पानं ठीक, बाइंडिंग ठीक, फक्त कव्हरची पन्हळ झालेली. यावर काय चालतं आणि काय चालत नाही हे मी चार-पाच पुस्तकांची वाट लावून शिकलोय, म्हणून लिहितो.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. आधी हवा कोरडी करायची, वजन नंतर ठेवायचं. उलटं केलं तर वजन आहे तोवर कव्हर सपाट, वजन काढलं की दोन दिवसांत परत जबडा.

होतं काय नक्की

पेपरबॅकचं कव्हर म्हणजे जाड आर्ट कार्ड, आपल्याकडे बहुतेक २५० ते ३०० जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम), आणि त्याच्या फक्त बाहेरच्या बाजूला चिकटवलेली प्लॅस्टिकची पातळ फिल्म, ज्याला सगळे लॅमिनेशन म्हणतात. ग्लॉस असो की मॅट, बहुतेक वेळा ती बीओपीपीची असते, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. वेफर्सच्या पाकिटात जी फिल्म असते तीच जात. आता वेफर्सचं पाकीट कशासाठी असतं, तर हवेतली ओल आत जाऊन वेफर्स सादळू नयेत म्हणून. म्हणजे कव्हरच्या बाहेरच्या बाजूने ओल आत शिरायला जवळपास वावच नाही आणि आतली बाजू मात्र उघडा कागद. समोरून रेनकोट घातलाय आणि पाठ उघडी, असा प्रकार.

कागद म्हणजे शेवटी झाडाचे तंतू, ते हवेतून पाणी ओढतात आणि फुगतात. प्लॅस्टिक ओढतही नाही, फुगतही नाही. दोघं एकमेकांना घट्ट चिकटलेले. आतला कागद लांबायला बघतो, बाहेरची फिल्म जागची हलत नाही, मग कागदाला एकच रस्ता उरतो तो म्हणजे फिल्मच्या बाजूला वाकणं, म्हणून कव्हर पुस्तकापासून लांब, बाहेरच्या बाजूला वळतं. इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची एक पट्टी असते, गरम झाली की वाकते आणि करंट तोडते, तिथे उष्णता आहे आणि इथे ओल, बाकी गंमत तीच. किंवा गच्चीवर वाळत घातलेला पापड बघा, वरची बाजू उन्हाने आधी सुकून आक्रसते, खालची अजून ओलीच असते, मग कडा वर येतात. दोन बाजूंचं माप बदललं की सपाट वस्तू सपाट राहत नाही, इतकंच.

पटत नसेल तर पाच मिनिटांत घरी करून बघा. एखाद्या जुन्या गाइडचं नाहीतर फाटक्या पुस्तकाचं लॅमिनेशनवालं कव्हर घ्या, बोटभर रुंद पट्टी कापा आणि ओल्या फडक्यावर ठेवा, चकचकीत बाजू वर आणि कागदाची बाजू खाली. थोड्या वेळात पट्टीची टोकं होडीसारखी वर येतील. मग तीच पट्टी पंख्याखाली सुकू द्या, परत बऱ्यापैकी सरळ होते. मी भाच्याला हे करून दाखवलं तर त्याने घरातल्या सगळ्या वह्यांची कव्हरं कापायला घेतली, तेव्हा मुलांसमोर करताना जरा जपून.

आणि याचं उलटंही होतं. ज्यांच्या ऑफिसात दिवसभर एसी फुल असतो त्यांनी ड्रॉवरमधलं पुस्तक बघावं, तिथे हवा कोरडी, आतला कागद आक्रसतो आणि कव्हर आतल्या बाजूला वळून पानांना मिठी मारून बसतं. हे कोणाला खटकत नाही कारण पुस्तक बंदच दिसतं. तेच पुस्तक बॅगेत टाकून लोकलने घरी आणलं की रात्रीपर्यंत परत बाहेर.

मग दोन्ही बाजूंना लॅमिनेशन का करत नाहीत, हा प्रश्न मी एका प्रेसवाल्याला विचारला होता. तो हसला. एक तर खर्च वाढतो, आणि दुसरं म्हणजे स्पाइनला, म्हणजे पुस्तकाच्या पाठीला, जो गरम ग्लू लावून पानं चिकटवतात त्याला पकड घ्यायला कागद लागतो, प्लॅस्टिकवर तो ग्लू नीट धरत नाही. नायलॉनची एक फिल्म मिळते जी थोडीफार ओल घेते आणि कागदाबरोबर थोडीफार हलते, त्यामुळे कव्हर कमी वळतं, पण ती महाग. स्वतःचं पुस्तक स्वतः छापून घेणाऱ्यांनी हे विचारून ठेवावं, आणि कव्हर लॅमिनेट झाल्यावर लगेच बाइंडिंगला न पाठवता त्याला थोडं बसू द्या असंही सांगावं, कारण मशीनवर फिल्म ताणून लावली असेल तर नवंकोरं कव्हरसुद्धा फिल्मच्या बाजूला ओढलेलं असतं, त्याला पाऊसही लागत नाही.

कागदाची दिशा

हे थोडं किचकट आहे पण यावरून कुठलं पुस्तक सरळ होणार आणि कुठलं त्रास देणार ते आधीच कळतं.

पेपर फाडून बघा. रोजचं मराठी वर्तमानपत्र वरून खाली फाडलं तर सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं तर वाकडंतिकडं कुठेही जातं. कारण कागद बनताना मशीन ज्या दिशेने धावतं त्याच दिशेला बहुतेक तंतू लांबीने पडतात, आणि फाटताना कागद तंतूंच्या रेषेने सरळ फाटतो. ओल लागली की प्रत्येक तंतू लांबीला फारसा वाढत नाही, जाडीला वाढतो. म्हणजे कागद एका दिशेला जास्त पसरतो आणि दुसऱ्या दिशेला जवळपास नाहीच.

चांगल्या पुस्तकात तंतूंची दिशा स्पाइनला समांतर ठेवतात. मग कव्हर वळलं तरी दरवाजासारखं वळतं, म्हणजे फक्त मोकळी कड उचलते, आणि ते दाबून सरळ होतं. पण कधीकधी मोठ्या शीटमधून जास्त कव्हरं निघावीत म्हणून आडवी दिशा घेतली जाते. अशा पुस्तकाचं कव्हर वरच्या आणि खालच्या कडेला वळतं, स्पाइन त्याला धरून ठेवते आणि वरखाली ते ओढ घेतं, सगळं तिढ्यात. आतल्या पानांचीही दिशा आडवी असेल तर स्पाइनजवळ पानांना लाटा येतात. असं पुस्तक दिसलं तर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, कितीही दाबलं तरी थोडा बाक राहतो. माझ्याकडे अशी वीसेक आहेत, मी नाद सोडला.

मुंबईचा हिशोब

सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिमीच्या वर पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली ह्युमिडिटी बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वरच असते. पुस्तकांना साधारण ४५ ते ५५ मानवतं. ६५-७०च्या वर दिवसेंदिवस राहिलं की बुरशीची तयारी सुरू होते. म्हणजे चार महिने आपण पुस्तकांना नको त्याच हवेत ठेवतो.

ढोबळ हिशोब सांगतो. कागदात ५० टक्के ह्युमिडिटीला वजनाच्या साधारण ७ टक्के पाणी असतं, ८० टक्क्यांना ते ११च्या आसपास जातं. म्हणजे ४०० ग्रॅमचं पुस्तक पावसाळ्यात सावकाश १५-१६ ग्रॅम पाणी पितं, तीन चहाचे चमचे. पन्नास पुस्तकांचं शेल्फ म्हणजे पाऊण लिटरच्या वर. बुटांच्या खोक्यात येणारी ती छोटी सिलिका जेलची पुडी आपण सगळेच जपून ठेवतो आणि कपाटात टाकतो ना, तिच्यात पाचेक ग्रॅम जेल असतं आणि ती फार तर एक-सव्वा ग्रॅम पाणी घेते. पाऊण लिटरपुढे एक ग्रॅम. त्या पुड्यांनी फक्त मनाला बरं वाटतं.

म्हणून पहिली खरेदी डिजिटल हायग्रोमीटरची, म्हणजे ह्युमिडिटी मोजणाऱ्या यंत्राची, करा, ऑनलाइन काही शे रुपयांत छोटा मिळतो, घड्याळासारखा. मी तीन ठिकाणी ठेवून बघितला आणि खरा चोर सापडला. लोखंडी कपाटात ७४, बेडरूममध्ये ८१ आणि हॉलमधल्या शेल्फजवळ ८९. हॉल आणि बेडरूमला हवा एकच, मग आठ पॉइंट कुठून आले? वर बघितलं. शेल्फच्या बरोबर वर कपडे वाळत घालायची दोरी. पावसाळ्यात गॅलरीत काही वाळत नाही म्हणून आई सगळं हॉलमध्ये घालते आणि पंखा लावून ठेवते. मशीनमधून पिळून आलेल्या पाच किलो कपड्यांत सहज दोन लिटरच्या वर पाणी असतं आणि ते सगळं खोलीच्या हवेत जाणार, तिथून माझ्या पुस्तकांत. मी आईला म्हटलं दोरी हलवूया, तर म्हणाली, "पुस्तकं हलव तुझी, कपडे काय डोक्यावर वाळत घालू?" पुस्तकं हलवली. तुमच्याकडेही एकाच शेल्फवरची पुस्तकं जास्त वळत असतील तर आधी वर-खाली-मागे बघा. वर दोरी आहे का, मागे बाथरूमची भिंत आहे का, शेजारी किचनचं दार आहे का जिथून कुकरची वाफ येते. पश्चिम आणि नैऋत्येकडची भिंत तर विसराच, आपला पाऊस त्याच बाजूने मारतो आणि जुन्या बिल्डिंगमध्ये ओल आतपर्यंत येते.

वळलेलं कव्हर सरळ करायची पद्धत

आधी काय करायचं नाही ते. इस्त्री नाही. मी केलीय, फडकं ठेवून, सगळ्यात कमी हीटवर, अगदी काळजीने, आणि मॅट लॅमिनेशनखाली दाण्यादाण्याचे फुगे आले, गोवर उठल्यासारखे, ते आजतागायत आहेत. वाफ पण नाही, कोणीतरी सांगतं की थोडी वाफ देऊन कागद मऊ करा मग दाबा, पण अहो आतल्या कागदाने पाणी प्यायलंय म्हणूनच तर हे झालंय, त्याला अजून पाजून कसं चालेल. उलट्या दिशेने कचकन मोडून बघणंही नको, बाक जात नाही आणि वर कायमची घडी पडते. कडक उन्हात ठेवलं तर कव्हर सुकतं खरं पण रंग उडतो आणि स्पाइनचा ग्लू ठिसूळ होतो, तेव्हा ऊन नको, सावलीतली कोरडी हवा पाहिजे.

आता करायचं काय. घरात एसी असेल तर त्या खोलीत ड्राय मोडवर काही तास चालवा, दारं-खिडक्या बंद, आणि पुस्तकं उभी करून पानं जरा पंख्यासारखी मोकळी ठेवा, कव्हर उघडं. एक-दोन रात्री असं केलं की बरीचशी कव्हरं वजनाशिवायच अर्धी खाली येतात, मला पहिल्यांदा हे बघून हसूच आलं, इतकी वर्षं मी त्यांच्यावर डिक्शनऱ्या रचत होतो.

एसी नसेल तर डबा. मोठा एअरटाइट प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात पाच-सहा पुस्तकं आणि अर्धा किलो सिलिका जेल कापडी पिशवीत, झाकण घट्ट, आठवडाभर उघडायचं नाही. हिशोब जमतो, सहा पुस्तकांतून शंभरेक ग्रॅम पाणी काढायचंय आणि अर्धा किलो जेल शंभर-सव्वाशे ग्रॅम घेऊ शकतं. जेल नारिंगी दाण्यांचं घ्या, निळ्या दाण्यांचा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते पोटात किंवा श्वासात जाणं बरं नाही, घरात लहान मुलं असतील तर नकोच. रंग बदलला की दाणे ओव्हनमध्ये साधारण ११० ते १२० डिग्रीवर दोन तास ठेवले की परत वापरता येतात, फक्त त्याच वेळी आत केक ठेवू नका आणि त्यासाठी एक जुना ट्रे वेगळा काढा. मिठाच्या डब्यातल्या तांदळासारखे इथे तांदूळ टाकू नका, तांदळाच्या मागे किडे येतात आणि किड्यांना पुस्तकही आवडतं.

पुस्तक सुकलं की मग वजन. यासाठी घरातली सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे कडप्प्याचा तुकडा. किचनचा ओटा किंवा खिडकीची चौकट करताना उरलेला एखादा तुकडा बिल्डिंगमध्ये कुठे ना कुठे पडलेला असतोच, नसेल तर लादीच्या दुकानात कटिंग मागा. फूटभर लांब, नऊ इंच रुंद, पाऊण इंच जाड तुकडा साडेतीन किलोच्या आसपास भरतो, म्हणजे पुरेसा, आणि मुख्य म्हणजे तो सपाट असतो, सगळीकडे सारखा दाब. आट्याची पिशवी नाहीतर डंबेल ठेवलं तर मध्ये दाब आणि कडा मोकळ्या, आणि वळते ती कडच. डंबेलच ठेवायचं असेल तर खाली प्लायचा तुकडा द्या. कडप्प्याच्या धारा कानशीने जरा मारून घ्या आणि जुन्या चादरीत गुंडाळा, नाहीतर कव्हरवर चरे.

पुस्तकं रचताना एकाची स्पाइन डावीकडे, पुढच्याची उजवीकडे, असं आलटून पालटून. पेपरबॅक स्पाइनकडे किंचित जाड असते, सगळ्या स्पाइन एकाच बाजूला आल्या तर गठ्ठा उतरता होतो आणि मोकळ्या कडेवर दाब येतच नाही. एका वेळी पाच-सहाच घ्या, एकाच साइझची. दोन कव्हरांमध्ये साधा कोरा कागद, वर्तमानपत्र नको, शाई उतरते. रचायच्या आधी कव्हर तळहाताने हळूच आतल्या बाजूला वळवून सोडा, जुन्या घडी पडलेल्या शंभराच्या नोटेला आपण करतो तसं, जोर न लावता. मग आठ-दहा दिवस हात लावायचा नाही. हे सगळं त्याच कोरड्या खोलीत किंवा निदान बंद कपाटात. ऑगस्टमध्ये उघड्या हॉलमध्ये दहा दिवस दाबून ठेवलंत तर दाबलेल्या पुस्तकातली ओल आतच राहते, बाहेर पडायला जागा नाही, आणि मग कव्हर सपाट आणि वास कुबट असं होतं.

जे कव्हर चार-पाच वर्षं वळलेलंच आहे ते पूर्ण सरळ होईल असं नाही, फिल्म आणि कार्ड दोघांनाही त्या आकाराची सवय लागलेली असते. पुष्कळ कमी होतं, शेल्फवर नीट उभं राहण्याइतकं, आणि मला तेवढं चालतं.

नंतर ठेवायचं कसं

उघड्या शेल्फपेक्षा दाराचं कपाट चांगलं, निदान मुंबईत. भरलेल्या कपाटातला कागदच एक प्रकारे हवेतली चढउतार झेलतो, बाहेर एका दिवसात ह्युमिडिटी वीस पॉइंट वरखाली झाली तरी आत हळूहळू बदलते. माझ्याकडे कपाटातली कव्हरं हॉलमधल्यांच्या निम्मीही वळत नाहीत. एक वेगळी गोष्ट सांगतो, किंग्ज सर्कलला आणि फ्लोरा फाउंटनला फुटपाथवर जुनी पुस्तकं विकतात तिथे कधी नीट बघा, पुस्तकं आडवी, कमरेएवढ्या गठ्ठ्यांत, वर निळी ताडपत्री. हवा किती वाईट, धूळ किती, आणि तरी गठ्ठ्याच्या मधून ओढलेलं पुस्तक बऱ्याचदा सपाट निघतं, वरची दोन-तीन मात्र पन्हळलेली. मधल्याला हवाच कमी लागते आणि वर वजनही आहे. अर्थात तिथून आणलेलं पुस्तक थेट कपाटात घालू नका, आठवडाभर बाहेर वेगळं ठेवा, झटका, पानांत कसर वगैरे आहे का बघा, मग आत.

उभी ठेवायची तर बेताची घट्ट. एका बोटाने मधलं पुस्तक सहज निघालं पाहिजे पण शेजारचं पडलं नाही पाहिजे. सैल असतील तर ती तिरकी होतात आणि मग कव्हरच नाही, अख्खं पुस्तक तिरकं होतं, ते दाबूनही जात नाही. कोंबून भरली तर काढताना स्पाइनचं वरचं टोक फाटतं. जागा उरली तर जुन्या वह्यांचा गठ्ठा लावा, बुकएंड पाहिजेच असं काही नाही. मागे भिंतीपासून दोन-एक इंच जागा सोडा. आपण जागेअभावी एका शेल्फवर दोन रांगा लावतो, त्यातली मागची रांग भिंतीला चिकटते आणि ती रांग आपण सहा-सहा महिने बघत नाही, बुरशी तिथेच पहिली येते. निदान गणपतीत एकदा पुढची रांग काढून मागे हात फिरवा.

आडवी रचायची असतील तर मोठी खाली, लहान वर, पाच-सहापेक्षा उंच नको, आणि सगळ्यात वरच्यावर एक पुठ्ठा नाहीतर कडप्पा, कारण वळतं ते वरचंच. जमिनीवर थेट नाही. बेडच्या बॉक्समध्ये ठेवायची असली तर ती कोरडी असताना ठेवा, हे मी पैसे मोजून शिकलोय. एका जुलैत पंचवीस-तीस पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून बेडमध्ये टाकली, म्हटलं आता ओल लागणारच नाही, पण ओल तर पुस्तकांत आधीच होती, तीच मी पॅक केली. दिवाळीत पिशवी उघडली तर वास आणि पांढरी बुरशी. मास्क लावून, गॅलरीत बसून, एकेक पुस्तक आधी सुकवून मग मऊ ब्रशने झाडलं, ओल्या फडक्याने पुसायचं नाही कारण बुरशी पसरते. तेव्हापासून पॅकिंग फक्त डिसेंबर ते मार्च, दुपारी, हायग्रोमीटर ५५च्या खाली असताना.

डांबरगोळ्यांचं काय असं सगळे विचारतात. त्या किड्यांसाठी, ओलीसाठी नाहीत, कव्हर वळायचं ते वळतंच, आणि तो वास बंद खोलीत तब्येतीला चांगला नाही. ते ओल शोषणारे डबे मिळतात, कॅल्शियम क्लोराइडचे, खाली पाणी जमा होतं, ते काम करतात पण पुस्तकांच्या वरच्या कप्प्यात ठेवू नका, एकदा लवंडला की ते खारट पाणी कागदातून कधीच सुकत नाही. सगळ्यात खालच्या कप्प्यात, कोपऱ्यात, ताटलीत.

पारदर्शक चिकट प्लॅस्टिकचं कव्हर घालायची आपल्याला शाळेपासून सवय, पण पेपरबॅकला ते नको. आधीच एका बाजूला प्लॅस्टिक आहे, त्यावर अजून एक थर चिकटवला की ओढ वाढलीच. सैल जॅकेट घाला, न चिकटणारं, घडी आत दुमडलेलं. नवीन पुस्तक घट्ट श्रिंक रॅपमध्ये आलं असेल तर ते जपून ठेवण्यात अर्थ नाही, त्याचा ताण कडांवर येतो, फाडा आणि वाचा.

दिवाळी अंकांना मात्र हे सगळं लागू नाही. पिन मारलेले, कव्हर पातळ, उभे ठेवले की कंबर मोडते. आडवेच ठेवायचे, पाठ आलटून पालटून, वर्षाचा एक गठ्ठा, वर पुठ्ठा.

आमच्याकडे आता ऑक्टोबरचं एक ठरलंय. पाऊस गेला आणि दुपारचा आकडा ६०च्या खाली आला की बारा ते चार कपाटाची दारं सताड उघडी, पंखा तीनवर, संध्याकाळी बंद. मग त्या वर्षीची वळलेली पुस्तकं काढायची आणि कडप्पा शोधायचा, जो त्या वेळी हमखास लोणच्याच्या बरणीवर असतो, आणि आई म्हणते अजून आठ दिवस थांब.